शाळा सोडून भरवलेली शाळा

मोहपाडा, सूर्यमाळजवळ
८ जुलै २००१

गुरुजी,

पाया पडते. तुमची चंदा दोरे मास्तरीण झाली! सरकारी भाषेत ‘शिक्षण सेविका’. तीन वर्षं मानधनावर सेवा करायची, आणि ती पसंत पडली तर मग शिक्षिका म्हणवून घ्यायचं. तोवर मी नक्की कोण हे कुणालाच सांगता येत नाही. पोरं बाई म्हणतात, मला तेवढं पुरे.

शाळा एका खोलीची. मी आले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि आत शेळ्या होत्या. कुलूप असताना शेळ्या आत कशा, असं विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, “बाय, कुलूप मास्तरला. शेलीला नाय.” मागे जाऊन बघते तर भिंतच नाही. आता पाड्यावरच्या लोकांनी कारवीच्या काठ्यांचा कूड घालून दिला आहे. पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं. शाळेला संडास आहे, पण तो पाण्याशिवाय वापरायची पद्धत अजून आमच्याकडे आलेली नाही.

गुरुजी, मी या वाटेला लागले ती तुमच्यामुळे. तुम्हाला आठवतं? आईबापांबरोबर मी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले होते. चौथीचं वर्ष बुडाल्यातच जमा होतं. एक दिवस तुम्ही जव्हारहून भट्टीवर आलात, टोपी काढलीत, विटांच्या थरावर बसलात आणि म्हणालात, “पोरं शाळेकडे येत नसतील तर शाळेनं पोरांकडे जावं.” आम्हा सगळ्यांना शिकवलंत. निघताना मला म्हणालात, “चंदा, तू मास्तरीण होशील.”

डी.एड.ला असताना पुष्कळदा सोडून द्यावंसं वाटलं. तेव्हा तो दिवस आठवायचे. बाईंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी,
चंदा

* * *

जव्हार
२१ जुलै २००१

चंदा,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. तुझं पत्र प्रतिभाला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, “अहो, तुम्ही असे होतात?” इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझा पहिल्यांदा आदर वाटला, म्हणून संध्याकाळपर्यंत मी काही बोललो नाही. पण तुला खरं सांगितलं पाहिजे.

भिवंडीला मी मेहुण्याच्या लग्नाला आलो होतो. परतीची एस.टी. चुकली आणि पुढची संध्याकाळी होती. उन्हात फिरताना तुझा बाप मंगळू भेटला, त्याने भट्टीवर नेऊन चहा पाजला. दुपारभर करायचं काय, म्हणून तुम्हा पोरांना पाढे म्हणायला लावले. टोपी काढली कारण डोकं तापलं होतं. ते थोर वाक्य मी बोललो असेन असं वाटत नाही. मला त्या उन्हात फक्त पाणी सुचत होतं.

‘मास्तरीण होशील’ हे मी वर्गात फार बडबडणाऱ्या प्रत्येक मुलीला म्हणायचो. त्यातल्या एकीने पुढे भांड्यांचं दुकान काढलं. मुलांना ‘वकील होशील’ म्हणायचो. त्यातला एक आज एस.टी.त कंडक्टर आहे, पण भांडतो छान.

तुमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख म्हणजे आपला माघ्या वाघ. हल्ली त्याला माधवराव म्हणतात. तुझ्या बराच आधी माझ्या वर्गात होता. कविता पाठ नसली तरी हातवारे सगळे करायचा. हा पुढे जाणार हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच्याशी जपून राहा. तीन वर्षं वर्ग घे, वरून काही आलं की हो म्हण, आणि मग तुला हवं ते कर.

तुळशीदास वारघडे

* * *

मोहपाडा
२५ नोव्हेंबर २००१

गुरुजी,

पाया पडते. तुम्ही विनयाने लिहिलंत, ते समजलं. मोठी माणसं असंच लिहितात.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा झाला. नागली झोडून झाली, भात घरात आलं, ते किती दिवस पुरणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. ट्रक येऊन खालच्या वळणावर उभा राहिला आणि भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात चढलं. पहिलीतली पोरं मला हात करत होती. त्यांना वाटत होतं सहल आहे.

आता वर्गात चार पोरं आहेत. त्यांचे आजी-आजोबा चालू शकत नाहीत म्हणून ती मागे राहिली. त्यातली रामी मला रोज विचारते, “बाय, बाकीची शाला कवा येल?”

परवा माधवराव साहेब आले. कूड बघून खूश झाले.

“छान झालंय. यावर सुविचार लिहा.”

“साहेब, पोरं भट्टीवर गेली. चारच उरलीत.”

“मोठ्या अक्षरात लिहा. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे.”

“इथे रस्ता नाही, साहेब.”

“होईल. तोवर रंग वाळेल.”

मी पुन्हा पोरांचं काढलं. तेव्हा ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, तुम्ही नव्या आहात. पोरं येतात-जातात. पण शिक्षकाने जागा सोडायची नसते. तुमची नेमणूक पोरांवर नाही, शाळेवर आहे.”

ते गेल्यावर मी बराच वेळ शाळेकडे बघत बसले. खोली, कूड, फळा. माझी नेमणूक यांच्यावर आहे आणि यांना तर सगळंच येतं.

गुरुजी, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून विचारत बसत नाही. मी भट्टीवर जाते आहे. मागच्या चौघांचं कसं करायचं तेवढंच सुचत नाही.

तुमची,
चंदा

* * *

जव्हार
२ डिसेंबर २००१

चंदा,

मी काय केलं असतं हे तुला माहीत नाही. मला माहीत आहे. मी कुडावर सुविचार लिहिला असता.

माझ्या पत्रात विनय शोधू नकोस. ते मी विनयाने लिहिलेलं नाही, चष्मा लावून लिहिलं आहे. एस.टी. चुकली होती. तू ज्या गुरुजींच्या मागे निघाली आहेस ते गुरुजी तुझ्या डोक्यात राहतात. जव्हारला राहतो तो मी. माझे गुडघे दुखतात आणि मी आजवर कुणालाही उलट उत्तर दिलेलं नाही.

तुझी नोकरी कच्ची आहे. माघ्याने एक कागद वर पाठवला की संपलं. आधी कायम हो, मग तत्त्वं पाळ. आम्ही सगळ्यांनी तसंच ठरवलं होतं. पुढे ती पाळायची राहून गेली, तो भाग वेगळा.

आणि भट्टीवर जाऊन तू शूर होशील, पण त्या मागे राहिलेल्या चार पोरांना कोण बघणार? याचा काही विचार?

तु. वा.

* * *

वीटभट्टी, भिवंडीच्या अलीकडे
१६ डिसेंबर २००१

गुरुजी,

पाया पडते. तुमचं पत्र पाड्यावर फिरून इथे मिळालं. शेवटच्या ओळी वाचून रडूच आलं. ‘त्या चार पोरांना कोण बघणार?’ मी तुम्हाला हेच विचारायला लाजत होते आणि तुम्ही स्वतःहून विषय काढलात! शाळेची किल्ली पाड्यावरच्या गंगीच्या नवऱ्याच्या हाती जव्हारला पाठवली आहे. तांदूळ फळ्याच्या मागे आहे. रामीला ओरडलेलं चालत नाही. खोडाळ्याहून सूर्यमाळची गाडी पकडा, पुढे चढण आहे. हळू चढा.

इथलं सांगते. पोरं सकाळपासून ओल्या विटा पलटतात. एक बाजू वाळली की दुसरी उन्हाला द्यायची. लहान हातांना ते छान जमतं म्हणून मोठी माणसं त्यांना हलू देत नाहीत. पहिल्या दिवशी वर्ग भरवला तर आलं एक कुत्रं आणि दोन कोंबड्या.

मग मी गंगीकडे गेले. तिची कमू दहा-अकरा वर्षांची आहे. माझ्याकडे तिसरीत होती. कडेवर भाऊ आणि हातात वीट.

“गंगी, कमूला तासभर पाठव.”

“ही लिहाय बसली त इटा कोन पलटील?”

“मी पलटते.”

गंगीला वाटलं मी थट्टा करते. मी पदर खोचला आणि बसले. सगळी भट्टी बघायला जमली. सरकारी बाई विटा पलटते म्हणजे नक्कीच सरकारने काही नवीन काढलं असणार, असं एक जण म्हणाला. मी दहा विटा पलटल्या, त्यातल्या तीन मोडल्या. गंगी म्हणाली, “बाय, तू ऊठ. तू शिकव. तुज्यापुढं कमू परवडली.”

आता दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर वर्ग भरतो. फुटक्या विटांची पाटी आणि कोळसा. कमू एक नंबर. आज जे शिकेल ते लगेच धाकट्यांना शिकवते आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त दरडावते.

भट्टीचा शेठ काल गाडीतून उतरून मला विचारत होता, “मॅडम, आप सरकार की तरफ से आई हो या सरकार के खिलाफ?” मी म्हटलं, “अभी पता नहीं.” तो म्हणाला, “पता चले तो बता देना,” आणि पोरांना सावलीला म्हणून एक जुनी ताडपत्री देऊन गेला.

तुमच्या उपकारांची फेड नाही.

चंदा

* * *

केंद्रप्रमुख यांचे कार्यालय
२८ डिसेंबर २००१

प्रति,
श्रीमती चंदा मंगळू दोरे, शिक्षण सेविका, मोहपाडा

विषय : मुख्यालय सोडून अध्यापन केल्याबाबत खुलासा.

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराने आपल्या शाळेस अचानक भेट दिली असता शाळा सुरू असल्याचे, मात्र आपण गैरहजर असल्याचे आढळून आले. वर्गात एक वृद्ध इसम स्वेटर घालून अध्यापन करीत होते. निम्नस्वाक्षरीकार आत गेले असता सदर इसम “माघ्या, चपला बाहेर,” असे म्हणाले. सदर इसमांची ओळख पटली असून ते आदरणीय आहेत, तथापि विनापरवाना आहेत.

तसेच आपण स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या मागे जाऊन त्यांना शिकवीत असल्याचे खात्रीलायकरीत्या समजते. विद्यार्थी असतील तेथे शिकविण्यास कोणत्याही परिपत्रकाचा आधार आढळून येत नाही.

तरी आपली सेवा समाप्त करण्याची शिफारस वरिष्ठांकडे का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

मा. ग. वाघ
केंद्रप्रमुख

* * *

१२ जानेवारी २००२

परमपूज्य गुरुवर्य वारघडे गुरुजी,

आपल्या चरणधुळीत वाढलेल्या माधवचा साष्टांग दंडवत.

त्या दिवशी वर्गात आपण मला जे बोललात तो माझा गौरवच समजतो. चपला मी त्याच क्षणी बाहेर काढल्या होत्या, हे आपण पाहिलेत.

चंदाबाईंचा खुलासा आला. आपण एके काळी वीटभट्टीवर जाऊन शिकवत होता हे त्यात वाचून माझे डोळे भरून आले. असा गुरू आपल्या केंद्राला लाभला आणि आम्हाला पत्ताच नाही! येत्या २४ तारखेला खोडाळ्याला आपला भव्य सत्कार योजला आहे. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. या वर्षी आदर्श केंद्र निवडायचे आहे, हा निव्वळ योगायोग समजावा.

आपल्याला त्रास नको म्हणून आपले मनोगत मीच लिहून सोबत जोडले आहे. ‘मी फार काही केलं नाही’ हे वाक्य दोनदा यावे. दुसऱ्या वेळी आवाज दाटला तर उत्तम. ‘माझा माधव’ असा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे माझ्याकडे बघावे. ‘माघ्या’ म्हणू नये.

चंदाबाईंच्या प्रकरणाचा निर्णय मी सत्काराचा कार्यक्रम कसा होतो ते पाहून घेईन. आपण सुज्ञ आहात.

आपला,
माधव

* * *

मोहपाडा
२७ जानेवारी २००२

चंदा,

आशीर्वाद. किल्ली मिळाली तेव्हा मी तुला काय काय बोललो ते प्रतिभा सांगेल. बोलून झाल्यावर ती म्हणाली, “वर गारठा असेल. स्वेटर घाला.”

मी ती किल्ली पाड्यावर कुणाकडे तरी देऊन परत फिरणार होतो. चढण चढून वर आलो, दम खात शाळेच्या पायरीवर बसलो, तर एक मुलगी समोर येऊन उभी राहिली.

“तू कोन?”

“मी तुमच्या बाईंचा गुरुजी.”

“मंग तुला काय काय येतं?”

सगळ्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, पालकांनी नाही, मी स्वतः तर नाहीच. म्हटलं, “पाढे येतात.” रामी म्हणाली, “ते आमाला बी येतात.” मग मी दार उघडलं. तेव्हापासून इथेच आहे. शनिवारी खाली जाऊन कपडे बदलून येतो.

आता सत्काराचं. आसपासच्या सगळ्या शाळा बंद ठेवून पोरं खोडाळ्याला आणली होती. मोठी पोरं खुर्च्या वाहत होती, लहान उन्हात दोन रांगा करून उभी होती. मला फेटा बांधला. तो कानावर आला, त्यामुळे अर्धी भाषणं मला ऐकूच आली नाहीत. त्याबद्दल मी बांधणाऱ्याचा आभारी आहे.

माघ्याचं भाषण मात्र ऐकू आलं. “मी भट्टीवरचा पोर! आईबाप विटा थापायचे. एक दिवस गुरुजी आले. टोपी काढली. विटांच्या थरावर बसले...” त्याने पुढे तुझ्या खुलाशात होतं ते सगळं म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. या माघ्याच्या बापाची भाताची गिरणी होती. भट्टी म्हणजे त्याने फक्त लग्नातल्या आचाऱ्याची बघितली आहे. पण बाया रडल्या. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. माझ्या शेजारी बसलेला गिरणीचा सध्याचा मालक, म्हणजे माघ्याचा सख्खा भाऊ, तोही रडला.

मग मला उभं केलं. हातात माघ्याने लिहिलेलं मनोगत होतं. समोर माघ्या ‘माझा माधव’साठी मान वर करून तयार होता. चंदा, मी तुला लिहिलं होतं की मी कुणाला उलट उत्तर देत नाही. ते तोवर खरं होतं.

मी कागद खिशात घातला आणि म्हणालो, “साहेब, मी भट्टीवर एक दुपार होतो. चंदा दोरे नावाची माझी विद्यार्थिनी तिथे महिना-दीड महिना आहे. एका दुपारसाठी मला फेटा मिळाला. तिला नोटीस मिळाली. निमंत्रण आणि नोटीस, दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची आहे. तो भावनाप्रधान आहे, पण फक्त बोलताना. लिहायला बसला की त्याला काही आठवत नाही.”

लोक हसले. साहेब हसले नाहीत, म्हणून लोक थांबले.

मी म्हटलं, “आणि आज ही सगळी पोरं इथे उन्हात आहेत, त्यांचे मास्तर माझ्यासाठी हार धरून उभे आहेत. म्हणजे या भागात आत्ता एकच वर्ग चालू असेल. तो भट्टीवर.”

मी खाली बसलो. साहेबांनी माघ्याला एवढंच विचारलं, “कुठे आहे ही भट्टी?” माघ्या म्हणाला, “साहेब, मीच आपल्याला घेऊन जाणार होतो.”

ते येतील. पोरांना स्वच्छ वगैरे करू नकोस. आहेत तशी दिसू देत.

तु. वा.

* * *

मोहपाडा
२ जून २००२

गुरुजी,

पाया पडते. तुम्ही खाली उतरलात त्याला पंधरवडा झाला. रामी अजून तुमच्या नावाने माझ्या चुका काढते. ‘गुर्जी असा नाय शिकवायचे.’

मोठे साहेब भट्टीवर आले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं सगळं सांगायचं राहिलं होतं. नोटीस मागे घेतली. उलट आमच्या वर्गाचं सरकारी नाव पडलं, ‘पाठोपाठ शाळा’. त्याची पुस्तिका छापली आहे. पहिल्या पानावर विटांपुढे उभे माधवराव साहेब, आणि खाली लिहिलंय : संकल्पना, माधवराव वाघ. प्रेरणा, माधवराव वाघ. अंमलबजावणी, संबंधित शिक्षिका. आदर्श केंद्राचं बक्षीस त्यांनाच मिळालं.

मार्चमध्ये मला ठाण्याला आठवडाभर प्रशिक्षणाला बोलावलं. विषय : वीटभट्टीवर वर्ग कसा घ्यावा. मी म्हटलं, वर्ग चालू आहे, तो सोडून कशी येऊ? त्यांनी लिहिलं की प्रशिक्षणाशिवाय वर्ग घेता येणार नाही. गेले. शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला गोल उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाल्या, “आता प्रत्येकाने मनाने वीट व्हा.” मी वीट झाले. मला विचारलं, विटेला काय वाटतंय? मी म्हटलं, पलटायची वेळ झाली असं वाटतंय. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

परत भट्टीवर आले तर वर्ग चालूच. ताडपत्रीखाली कमू, कडेवर भाऊ, हातात काटकी. सगळ्या धाकट्यांना नाव लिहिता येत होतं. एका पोराने तर आपल्या विटेवर ओल्या मातीतच ‘तुका’ लिहिलं होतं. ती वीट तशीच भाजली गेली. कुणाच्या तरी घराच्या भिंतीत तुका आहे आता.

पाऊस तोंडावर आला तसे सगळे पाड्यावर परतले. आणि आज हा आदेश आला : माझ्या कामाची दखल घेऊन मला मोखाड्याच्या कार्यालयात घेत आहेत. सगळ्या पाठोपाठ शाळांची माहिती गोळा करायची, अहवाल लिहायचे. बसून काम. नोकरीही लवकर पक्की होईल असं साहेब म्हणाले. “बाई, चांगल्या शिक्षकाला आम्ही वर्गात सडू देत नाही.”

आईला फार आनंद झाला आहे. खरं सांगते, गुरुजी, मलाही थोडा झाला. उन्हाळा भट्टीवर काढला, आता रोज झऱ्यावर रांगेत उभी असते. मी दमले आहे. या वेळी मात्र तुम्हाला खरंच विचारते. काय करू?

चंदा

* * *

जव्हार
१२ जून २००२

चंदा,

आशीर्वाद. असली जागा मिळावी म्हणून मी स्वतः अर्ज केले होते. पंखा असतो, एस.टी. स्टँड जवळ असतं, आणि तिथे बसणाऱ्याला पोरांविषयी सगळं माहीत असतं, फक्त पोरं सोडून. मला मिळाली नाही. मिळाली असती तर मी गेलो असतो आणि तुझ्या वर्गाला चौथीत दुसराच कुणी मास्तर आला असता. कदाचित माझ्यापेक्षा बरा. सांगता येत नाही.

खोडाळ्याला त्या दिवशी माझे कितीतरी जुने विद्यार्थी भेटले. कुणी ग्रामसेवक, कुणी मास्तर, कुणी माघ्या. सगळे पाया पडले. घरी आल्यावर प्रतिभाला म्हटलं, बघ, ही माझी कमाई. ती म्हणाली, “वाकले सगळे. भट्टीवर कोण गेलं?” त्यावर मी जेवायला वाढ म्हटलं.

तू दमली आहेस, तर जा. यात कमीपणा काही नाही आणि माघ्या म्हणतो म्हणून जाणंही वाईट नाही, पगार पगार असतो. पण नको वाटत असेल तर माझ्या नावाने नाही म्हणू नकोस. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, हे आता तुला लेखी कळलेलं आहे.

मला विचारू नकोस. पाड्यावर विचार.

तु. वा.

* * *

मोहपाडा
२० जून २००२

गुरुजी,

पाया पडते. पाड्यावर विचारलं.

म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणाले, बाय, मास्तर येतो आनि जातो, आमी काय सांगावं? गंगी म्हणाली, जा, तुला बी जीव हाय. रामीला विचारलं तर ती दप्तर घेऊन घरी गेली आणि दुपारी परत आली.

शेवटी कमूला विचारलं. शाळा सुटली होती, ती फळा पुसत होती.

“कमू, मी मोखाड्याला ऑफिसात गेले तर?”

“पंखा हाय तिथं?”

“आहे.”

“मंग जा ना, बाय. मी शिकवीन यांला.”

तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरगी काही धीर देत नव्हती आणि रडतही नव्हती. पाणी भरायला मी जाते, तू बस, असं म्हणावं तसं म्हणाली. मला हसू आलं.

“तुला सगळं शिकवता येईल?”

तिने फळा पुसायचा थांबवला. खरोखर विचार केला.

“येल. भागाकार सोडून.”

“मग भागाकाराचं काय करशील?”

“तो नाय शिकवायचा. कुनाला कलतंय?”

गुरुजी, मी तिथेच खडू उचलला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी एकच गणित घालत होतो. बाकी उरली की ती चिडायची. म्हणायची, सगल्यांना सारखं वाटून बी उरतंच कसं?

आज सकाळी उत्तर लिहून खोडाळ्याला पाठवलं. आदेश नाकारायचा तर एक छापील अर्ज असतो. त्यात ‘सबळ कारण’ असा रकाना आहे. आजारपण, प्रसूती, कोर्टाचं काम, अशी कारणं लिहायची असतात, असं कारकून म्हणाला.

मी लिहिलं : कमूचा भागाकार राहिला आहे.

चंदा